स्वयंपाकघरातला स्पीकर

अण्णा, पदर खांद्यावर आहे. आज डोक्यावर घेणार नाही. तुम्ही माझे जेठ, यांचे थोरले भाऊ. तुमच्यासमोर तोंड उघडायचं नाही, तुमची चाहूल लागली की पदर ओढून भिंतीकडे वळायचं, ही आपल्या खान्देशातली रीत लग्न होऊन सुरतेला आले त्या दिवसापासून मी पाळली. एका घरात राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं, पण समोरासमोर एक वाक्य बोललो नाही. मेलेल्या जेठापुढे पदर घ्यायचा असतो का, ते मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून बोलते आता. आणि तुम्ही गेलात म्हणून मी गोड बोलेन, अशी आशा ठेवू नका.

परवा तुमचं तेरावं झालं. जो येईल तो सांगत होता, अण्णा म्हणजे देवमाणूस. इथे पांडेसऱ्यात घर बांधलं, धाकट्या भावाला गावाहून आणून डाइंग मिलमध्ये चिकटवलं, अडल्यानडल्याच्या घरची लाइट सणासुदीला धावत जाऊन चालू केली. खरं आहे सगळं. मी कुठे नाही म्हणते? पण या देवमाणसाचे कान कुठवर पोचत होते, ते त्या बिचाऱ्यांना काय माहीत!

तुमचा धंदा तारा ओढायचा. आधी मिलमध्ये वायरमन होतात, मग कपडा मार्केटच्या शेठ लोकांच्या बंगल्यांत घरभर गाणं वाजवायची कामं घ्यायला लागलात. जेवताना यांना रंगवून सांगायचात आणि मी दाराआड पोळ्या लाटत ऐकायची. शेठ म्हणतो, "बगीचामां पण वागवुं जोइए." बागेतही वाजलं पाहिजे. मग कुंड्यांच्या मागे एक स्पीकर, झोपाळ्यावर एक, जेवायच्या खोलीत छताला दोन. बाहेरच्या स्पीकरचं तोंड जरा खाली ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. बाहेरची तार भिंतीत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तारेवरून घरात येत नाही, झोळातून टपकून जातं. दोन स्पीकरांपैकी एकाची तार उलटी लागली तर आवाज पोकळ होतो, गाणारा खोलीत असून नसल्यासारखा. मला ते ऐकायला आवडायचं, अण्णा. खोटं कशाला बोलू? तुम्ही तारांबद्दल बोलायला लागलात की तुमचा आवाजच वेगळा व्हायचा.

मग तुम्ही आपल्या घरात तेच केलंत. पुढच्या खोलीत दोन मोठे डबे, माडीवर आमच्या खोलीत एक स्पीकर, स्वयंपाकघरात फडताळाच्या वर एक, आणि बाहेर ओट्यावर गल्लीकडे तोंड करून भोंगा. सगळी गल्ली बघायला आली होती. मी आणि अक्कांनी, म्हणजे तुमच्या बायकोने, सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं, चला, भाकरी थापताना गाणी ऐकायला मिळतील.

शेठच्या बंगल्यात प्रत्येक खोलीत आवाज कमी-जास्त करायचं बटण होतं, हे तुम्हीच सांगायचात. आपल्या घरात मात्र सगळी बटणं तुमच्या खोलीत, तुमच्या कामाच्या टेबलावर. पहाटे तुम्ही उठलात की घराने उठायचं. तुमची भजनं तुमच्या आवाजात, आमच्या डोक्यावर. माझं डोकं दुखो, पोरीला ताप असो, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ऐकू येईना तरी भजन चालू. अक्कांना म्हटलं, एक बटण आपल्याकडे मागा ना. त्या हसल्या. म्हणाल्या, "तू नवी शे अजून." मी नवी कुठली, तोवर माझी पोर शाळेत जायला लागली होती!

दुपारी तुम्ही जेवायला घरी यायचात, मग खोलीचं दार लोटून टेबलापाशी बसायचात. घर शांत. तेवढ्या वेळात आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात आमचं आमचं बोलायचो. अहिराणीत, मोकळेपणाने, पदर कमरेला खोचून. त्या घरात माझी म्हणावी अशी तीच एक वेळ होती. आणि तीसुद्धा तुम्ही ठेवली नाहीत.

कानबाईचा सण आठवतो ना? कसा विसराल! श्रावणातला रविवार, कानबाई देवी घरात बसलेली, घर भाऊबंदांनी भरलेलं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन रोट करायचे, ते बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत, भाऊबंदांतच संपवायचे. आत मी आणि अक्का रोट करायला बसलेल्या. बाहेर भोंग्यावर कानबाईची गाणी, हे आणि बाकीची मंडळी ओट्यासमोर नाचत होती. मी पीठ मळता मळता अक्कांना म्हटलं, "पुढच्या कानबाईला माझी चूल वेगळी आणि माझे रोट वेगळे. जवळच भेस्तानला एक घर बघून ठेवलंय. यांना अजून सांगितलं नाही, सण झाला की सांगते." अक्का म्हणाल्या, "माले बी लई जाय तुनासंगे." मलाही ने तुझ्याबरोबर. आणि आम्ही दोघी खो खो हसलो.

गाणी कधी थांबली ते कळलंच नाही. बाहेर एक शिट्टीसारखा आवाज झाला होता, तेवढा ऐकला. मग लक्षात आलं की गल्लीत एकदम सामसूम आहे. दारात येऊन बघते तर सगळे भोंग्याकडे तोंड करून उभे. आमचं बोलणं, हसणं, पीठ आपटल्याचा आवाज, सगळं भोंग्यातून गल्लीभर गेलं होतं. कानबाईच्या दिवशी घरातली सून वेगळे रोट म्हणाली! यांचं तोंड पांढरं पडलं. तुमचे काका, घरातले मोठे, यांच्याकडे बघत होते. यांनी काय करावं? चार लोकांत हात जोडून म्हणाले, "माझ्या जिवात जीव आहे तोवर मी अण्णांना सोडणार नाही." झालं. माझं घर तिथेच, राहायला जायच्या आधीच, गेलं.

आणि तुम्ही खोलीतून बाहेर येऊन काय सांगितलंत? "तारा एकमेकींना लागल्या." बास. दोन-तीन शब्दांत मोकळे. अक्कांकडे मात्र तुम्ही बघितलं नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढे कितीतरी दिवस नाही. त्यांचं ते वाक्य तुम्हाला लागलं होतं. लागू दे. मला जे लागलं ते तुम्ही कधी विचारलंत?

मीही तारांचंच खरं मानून बसले होते. पण मला एक गोष्ट खटकायला लागली. कढईचा कान सैल झालाय म्हटलं की संध्याकाळी कढई घट्ट. मिसरी संपली म्हटलं की अक्कांच्या हातात पुडी. आणि रोज दुपारी घर शांत झालं की फडताळावरच्या स्पीकरमधून बारीकसा आवाज यायचा. टक्. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. मी यांना सहज म्हणून विचारलं, स्पीकरला ऐकू येतं का हो? हे म्हणाले, "येतं की. आतला कागद हलतो ना, तारा उलटीकडून जोडल्या की तोच कागद आवाज पकडतो. शेठच्या ऑफिसात नाही का, एकाच डब्यातून बोलतात आणि ऐकतात. अण्णांनीच बसवलाय." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे कानबाईला कॅसेटची बाजू संपली, घर शांत झालं, आणि तुम्ही सवयीने बटण दाबलंत. भोंगा चालू आहे हे विसरलात. तारा कुठल्या लागतात एकमेकींना!

तरी म्हटलं खात्री करू. टक् झाल्यावर अक्कांना मोठ्याने सांगितलं, "रविवारी अमळनेरहून माझे दोघे भाऊ येणारेत, वेगळ्या चुलीचं बोलायला. कुणाला सांगू नका." अण्णा, तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळी दाढी केलीत. इस्त्रीचा शर्ट घातलात. स्वतः जाऊन मटण आणलंत, कारण पाहुण्यांसमोर आपली बाजू लंगडी पडायला नको. आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसलात ते दुपार टळेपर्यंत. रिक्षा आली की मान वर. अक्कांनी विचारलं, कुणी येणारे का? तुम्ही म्हणालात, "कोण येणार? हवेला बसलोय." मटण झक्क झालं होतं. मी पोटभर जेवले.

त्या दिवशी मला कळलं की तुम्ही माझ्या हातात सापडलात. तुम्हाला बोलता येणार नव्हतं! एक शब्द उलट बोललात तर पहिला प्रश्न हाच, की तुम्हाला कसं कळलं? मग मी सुरू केलं. रोज दुपारी टक् झालं की हातातलं काम न थांबवता, वर बघून, "अण्णा, आयकी ऱ्हायनात ना?" ऐकताय ना? आणि मग जे काय मनात साचलं होतं ते सगळं. पहाटेच्या भजनाबद्दल. यांना लहान पोरासारखं वागवता त्याबद्दल. अक्कांना तुम्ही नावाने एकदा हाक मारली नाहीत त्याबद्दल. बायकांच्या बोलण्याला चोरून कान लावणारा माणूस देवापुढे टाळ वाजवतो कसा, तेही विचारलं. अक्का सुरुवातीला घाबरून दार लावायच्या. नंतर नंतर त्याच आठवण करून द्यायच्या, "ते राहिलं ना सांगायचं, ते सांग."

रात्री तुम्ही पानावर मूग गिळून बसायचात. मी पदराआडून बघायची. एकदा तर तुम्हाला ठसकाच लागला आणि मी पाणी पुढे केलं. काय मजा वाटायची म्हणून सांगू! रीत तुमची, पदर तुमचा, स्पीकर तुमचा, आणि बोलती बंद तुमची.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी टक् व्हायचंच. ते मला कधी कळलं नाही. एवढ्या शिव्या खाऊन माणूस बटण लावतोच कशाला? मी म्हटलं चिमणी नाही, धुराने डोळे जातात. आठवड्याच्या आत भिंतीला पंखा. मी म्हटलं पोरीचा अभ्यास होत नाही. पहाटेचं भजन माडीवर बंद झालं. मग एक दिवस मी बाजारातून आले तर स्वयंपाकघरात शेगडीशेजारी भिंतीला एक गोल बटण. आवाज कमी-जास्त करायचं. तुम्ही तिथे नव्हतात. मी ते फिरवून बघितलं, गाणं हळू झालं, मोठं झालं. मला रडू आलं. आणि रडू आलं याचा रागही आला. एक बटण लावलंत म्हणजे उपकार केलेत का? घर माझं गेलंच होतं.

म्हणून मी हट्ट सोडला नाही. आमले येगळं ऱ्हावानं शे, आम्हाला वेगळं राहायचंय, हे मी त्या स्पीकरला किती तऱ्हेने सांगितलं असेल! भांडून सांगितलं, समजावून सांगितलं. हे तुमच्या तोंडून हो आल्याशिवाय हलणार नव्हते, चार लोकांत शब्द दिलेला. आणि तुमच्या तोंडून काहीच यायला तयार नव्हतं.

त्या सकाळी तुम्ही कामाला गेला नव्हतात. छातीत भरल्यासारखं वाटतंय, एवढंच अक्कांना म्हणालात. मला ते माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात टक् झालं. मी गवार मोडत होते. म्हटलं, "अण्णा, आज अवेळी? बरं झालं. दिवाळीच्या आत मला जायचंय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण पुरुषासारखे बोला एकदा. यांना बोलावून सांगा." आणखीही बरंच बोलले. गवार मोडून झाली, भाजी फोडणीला पडली, तरी दुसरं टक् काही आलं नाही. अक्का चहा घेऊन गेल्या तेव्हा तुम्ही खुर्चीवरच होतात.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, त्रास झाला नाही. मी ते माझ्या डोक्यावर घेणार नाही, अण्णा, तसं मनातही आणू नका. पण माझ्या कुठल्या वाक्यापर्यंत तुम्ही होतात? हे मला रोज पोळ्या लाटताना छळतं. माणूस भांडण अर्धं टाकून जातो का? निदान ऐकून तरी घ्यायचं होतंत पूर्ण.

आणि मग दहाव्याला तुम्ही कमालच केलीत. तापीच्या काठावर पिंड ठेवला, कावळा शिवेना. आम्ही बायका घरी. मंडळी परत आली तेव्हा काकांच्या तोंडून ऐकलं. उन्हं वर आली, झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेना. कुणी म्हणालं अक्कांना सांभाळू, कुणी म्हणालं राहिलेली कामं पुरी करू. शेवटी काका मोठ्याने म्हणाले, "अण्णा, तुझं घर फुटू देणार नाही. दोन चुली होणार नाहीत." आणि कावळा शिवला. काका छाती फुगवून सांगत होते. हे खाली मान घालून उभे होते.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जिवंतपणी एक शब्द नाही, आणि मेल्यावर कावळा पाठवून माझ्या घराला कुलूप! म्हटलं, थांबा. तुमच्याच हत्याराने तुमची अब्रू काढते.

तेराव्याच्या दिवशी गल्लीत मांडव, पंगत बसलेली, सगळे भाऊबंद. मी तुमच्या खोलीत गेले, पहिल्यांदाच. टेबल पुसून ठेवलेलं होतं. ओट्यावरच्या भोंग्याचं बटण लावलं. मग स्वयंपाकघराचं. टक्. आत येऊन फडताळाखाली उभी राहिले. सांगणार होते सगळ्या गल्लीला, की तुमचा देवमाणूस रोज दुपारी बायकांचं बोलणं चोरून ऐकत होता. पदर खोचला, घसा साफ केला. आणि हे आत आले, पुऱ्या न्यायला.

माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काकांनी माझं घर गाडलं तिकडे, आणि तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात." यांनी पुऱ्यांची परात खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "काकांच्या बोलण्यावर शिवला नाही कावळा. काका बोलले, तरी झाडावरच होते सगळे. मग मीच मनात म्हटलं, अण्णा, आम्ही वेगळे निघतो, ती म्हणते तसं, दिवाळीच्या आत, तुम्ही मोकळे व्हा. तेवढ्यात एक झडप घालून खाली आला. मला कुणाला सांगायची हिंमत झाली नाही."

बाहेर गल्लीत पुन्हा तीच सामसूम. वाढप्यांची पळी थांबली. यांना काही कळेना. कोपऱ्यात अक्का बसल्या होत्या, कपाळ मोकळं, पांढऱ्या लुगड्यात. त्यांना कळलं होतं. त्यांनी वर स्पीकरकडे बघितलं आणि स्पष्ट, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माले बी लई जाय तुनासंगे."

या वेळी कुणी हसलं नाही. काका आत आले, माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि परात उचलून घेऊन गेले. तुमची चोरी सांगायची माझी राहूनच गेली. तिथेही वाचलात.

म्हणून हे इथे लिहून ठेवते. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तोंड होतं तेव्हा बोलला नाहीत, आणि उत्तर पाठवलंत ते कावळ्याबरोबर. तेही मला नाही, यांना! रोज तासन् तास माझं ऐकलंत. "पोरी, जा" एवढं म्हणायला काय झालं होतं? पदराची रीत तर मी केव्हाच मोडली होती, त्या स्पीकरसमोर. तुम्हाला मोडता आली नाही. मला वाटतं ते ऐकायचं बटण तुम्ही म्हणूनच लावायचात, बोलता येत नाही तर निदान ऐकावं म्हणून, पण मी तसं मानणार नाही. तुमच्या बाजूने एवढा विचार करायला मला सवड नाही.

भेस्तानचं घर लहान आहे. अक्का येणार म्हणून पुढची खोली त्यांची. तुमचे मोठे डबे, भोंगा, कॅसेटी सगळं इथेच राहू दे, कुलूप लावून. तुमच्या घरात आता तुमचे स्पीकर तेवढे राहतील. वाजवा हवं तेवढं भजन.

स्वयंपाकघरातला मात्र काल अक्कांनी स्टुलावर चढून स्वतः काढला. धूळ पुसून माझ्या हातात दिला. भेस्तानला तो शेगडीच्या वर लावणार आहे, बरोबर डोक्यावर. त्याला तार जोडणार नाही. रोज दुपारी गवार मोडताना मला जे बोलायचं ते बोलेन. तुम्ही ऐकत बसा, अण्णा. आता मध्येच उठून जाता येणार नाही.